हत्शेप्सुतला राजा म्हणा: इजिप्तविषयी मराठीत लिहिणाऱ्यांना आणि बोलणाऱ्यांना खुले पत्र

प्राचीन इजिप्तचा इतिहास मराठीतून लिहिणारे लेखक, अनुवादक व संपादक, आणि मराठी सहली घेऊन लक्झरला जाणारे मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात नाईलच्या पश्चिम तीरावर, देर अल-बहरीच्या उभ्या कड्याला टेकून बांधलेल्या, साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तवर राज्य करणाऱ्या हत्शेप्सुतच्या मंदिराच्या दुसऱ्या टप्प्यावर, आमच्या गटाला एक गोष्ट सांगण्यात आली. एक महत्त्वाकांक्षी राणी होती. नवरा वारल्यावर तिने सावत्र मुलाची गादी बळकावली, पुरुषाचा वेश केला, खोटी दाढी लावली, त्या मुलाला वीस वर्षे महालात कोंडून ठेवले, आणि तिने डोळे मिटताच त्याने संतापाने तिची नावे खरवडून काढली व पुतळे फोडले. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, कारण गोष्ट सर्वांच्या ओळखीची होती. आवडती आणि नावडती राणी, सावत्र आईचा जाच, शेवटी मोठा होऊन हिशेब चुकता करणारा राजपुत्र, हा साचा आपण आजीच्या मांडीवर बसून ऐकलेला आहे. त्यात इजिप्तची नावे ओतली की इतिहास ऐकल्यासारखे वाटते. परत आल्यावर हत्शेप्सुतविषयी मराठीत जे हाती लागले ते मी वाचून काढले, आणि थोड्याफार फरकाने तीच गोष्ट मला पुन्हा पुन्हा भेटली. त्यामुळे त्या एका मार्गदर्शकाला दोष देण्यात अर्थ नाही आणि हे पत्र त्याला उद्देशून नाही.

मी इतिहासकार नाही. आयुष्यभर शाळेत मराठीचे व्याकरण शिकवले, म्हणून माझी तक्रार एका शब्दापासून सुरू होते. तो शब्द ‘राणी’.

चित्रलिपीचे कोडे सोडवणारा शांपोलियों १८२९ साली याच मंदिराच्या अवशेषांत हिंडत होता. भिंतीवर त्याला एक दाढीवाला राजा दिसला, अंगावर राजाची सर्व चिन्हे असलेला. आणि ज्या तिसऱ्या थुटमोसची कीर्ती आधीच माहीत होती, तो त्या राजाच्या मागे दुय्यम जागी उभा होता. हा पुढचा राजा कोण, हे राजांच्या कोणत्याही यादीत सापडेना. त्याहून मोठे आश्चर्य मजकूर वाचताना वाटले, कारण त्या दाढीवाल्या राजाविषयीची नामे आणि क्रियापदे स्त्रीलिंगी होती. शांपोलियोंने अडखळत काही तर्क केले आणि ते चुकले, पण त्याने नोंदवलेले निरीक्षण अचूक होते. मराठी माणसाला त्यातली मौज चटकन कळावी, कारण आपलेही क्रियापद कर्त्याचे लिंग लपवू देत नाही. ‘राजा आली, राजाने देवाला दान दिले आणि राजा प्रसन्न झाली’ असे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने वहीत लिहिले असते तर मी लाल शाईने खूण केली असती. हत्शेप्सुतच्या लेखनिकांनी मात्र जवळपास असेच लिहिले, आणि ते चुकून लिहिले नाही.

त्यांच्या भाषेत आपण ज्याला ‘राणी’ म्हणतो त्या पदासाठीचा शब्द ‘राजाची पत्नी’ असा होता. स्वतःच्या अधिकाराने राज्य करणाऱ्या स्त्रीसाठी निराळा शब्द नव्हता, कारण पद एकच होते आणि ते राजाचे होते. हत्शेप्सुत काही वर्षे राजाची पत्नी होती, मग काही वर्षे अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार पाहणारी होती, आणि त्यानंतर ती राजा झाली. राज्याभिषेकाचे ‘माअतकारे’ हे नाव, वरच्या व खालच्या अशा दोन्ही इजिप्तांचे स्वामित्व आणि पाच नावांची पूर्ण राजबिरुदावली तिने घेतली. आपण तिला आजन्म ‘राणी’ ठेवतो तेव्हा या तीन अवस्था एकमेकींत मिसळतात, आणि राजेपण तिने कोणाकडून तरी चोरून आणलेल्या वस्तूसारखे दिसू लागते. ‘सम्राज्ञी’ हा शब्दही मला पुरेसा वाटत नाही, कारण सम्राटाची बायकोही सम्राज्ञीच असते. ‘फॅरो’ चालेल. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘मोठे घर’ असा आहे, म्हणजे आपण ‘वाड्यावरून हुकूम आला’ म्हणतो त्या जातीचा. राजाच्या व्यक्तीसाठी तो वापरण्याची रीत साधारण याच काळात रुळू लागली.

आता पुरावा पाहू. हत्शेप्सुत पहिल्या थुटमोसची त्याच्या पट्टराणीपासून, अहमोसपासून, झालेली मुलगी. तिचे लग्न सावत्र भावाशी, दुसऱ्या थुटमोसशी, झाले आणि त्यांना नेफेरूरे ही मुलगी झाली. दुसऱ्या थुटमोसला इसेत नावाच्या दुय्यम पत्नीपासून मुलगा होता, तो तिसरा थुटमोस. इ.स.पू. १४७९ च्या सुमारास दुसरा थुटमोस वारला तेव्हा हा मुलगा अगदी लहान होता. इनेनी नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या थडग्यात त्या दिवसांविषयी लिहून ठेवले आहे: राजा स्वर्गाला गेला, त्याचा मुलगा त्याच्या जागी उभा राहिला, आणि राजाची बहीण, आमुन देवाची ‘देवपत्नी’ (हे देवळातले मोठे पद) हत्शेप्सुत, देशाचा कारभार आपल्या विचाराने चालवू लागली. मुलगा गादीवर होता आणि कारभार तिच्याकडे होता. यात कट नाही, इजिप्तमध्ये आधीही असे झालेले होते.

राजपद तिने नेमके कोणत्या दिवशी घेतले याचा वाद आहे, पण सातव्या वर्षापर्यंत ते घेतलेले होते. हे कळते कशावरून, तर तिचा कारभारी सेनेनमुट याच्या आईवडिलांच्या थडग्यातल्या मडक्यांवरून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या उत्खननात १९३५-३६ च्या हंगामात हे थडगे सापडले, तेव्हा आतल्या एका मडक्यावर सातव्या वर्षाची तारीख होती आणि त्याच्या सोबतच्या मडक्यांवर माअतकारेच्या नावाचे शिक्के होते. हे सातवे वर्ष कोणाचे, हा खरा प्रश्न, आणि मराठी लेखनात तो कोणी विचारलेला मला दिसला नाही. ते तिसऱ्या थुटमोसचे आहे. हत्शेप्सुत राजा झाली तेव्हा तिने नव्याने ‘पहिले वर्ष’ मोजायला घेतले नाही. मुलाच्या राज्यारोहणापासून जी गणना सुरू होती तीच ती मरेपर्यंत वापरत राहिली. ज्याला पदच्युत केले त्याच्या कारकिर्दीची वर्षे कोणी आपल्या शिलालेखांवर कोरून घेत नाही. लक्झरजवळच्या कर्नाक देवळाच्या आवारात पुन्हा उभ्या केलेल्या लाल गारेच्या देवळीवर, ‘लाल देवळी’ म्हणूनच ती ओळखली जाते, हे दोघे एकसारख्या पोशाखात एकामागून एक चालताना दिसतात. ती पुढे आणि तो मागे हे खरे, पण दोघेही राजे आहेत, इतके सारखे की नावे वाचल्याशिवाय वेगळे ओळखता येत नाहीत.

कोंडून ठेवल्याची गोष्ट तर मुळीच टिकत नाही. हत्शेप्सुतचा मृत्यू बाविसाव्या वर्षी, इ.स.पू. १४५८ च्या सुमारास, झाला. पुढच्याच वर्षी तिसरा थुटमोस सैन्य घेऊन कनानमधल्या मगिद्दो शहरावर चालून गेला, आणि तिथे जाणाऱ्या तीन वाटांपैकी सरदारांना धोक्याची वाटणारी अरुंद खिंड त्याने निवडून शत्रूला गाफील गाठले. महालाच्या आतल्या खोलीत वाढलेल्या, हातात शस्त्र न दिलेल्या तरुणाला असे सैन्य एका वर्षात मिळत नाही, आणि त्या सैन्याने त्याचे ऐकले नसते. ज्या सैन्याच्या जोरावर तो हवे तेव्हा तिला दूर करू शकला असता, ते तिच्या हयातीत त्याच्याजवळ होते असेच मानावे लागते.

दाढीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. ती खोटी होती, हे खरे आहे. तिच्या बापाचीही खोटी होती, नवऱ्याचीही आणि तिसऱ्या थुटमोसचीही. राजाची दाढी हे मुकुटासारखे बांधायचे चिन्ह होते, आणि बांधायची दोरी काही पुतळ्यांच्या गालांवर दिसतेही. सुरुवातीच्या पुतळ्यांत हत्शेप्सुतची बांधणी स्पष्टपणे बाईची आहे आणि डोक्यावर राजाचे शिरोवस्त्र आहे. पुढे पुढे शरीरही परंपरेने ठरवलेल्या राजाच्या साच्याचे झाले. पण त्याच पुतळ्यांवरच्या मजकुरात ती ‘रे देवाची कन्या’च राहिली. वेश पालटून लोकांना फसवायचे असते तर आपले बाईपण दगडात कोरून कोण ठेवेल? तिचे ‘हत्शेप्सुत’ हे नावच ‘श्रेष्ठ स्त्रियांमध्ये अग्रगण्य’ असे सांगते.

आणि आता ती खरवडलेली नावे. ती खरवडली गेली, यात शंका नाही. तुमचे पाहुणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. मात्र देर अल-बहरीच्या भिंतींवर छिन्नी एकट्या थुटमोसच्या माणसांची चाललेली नाही. पुढे, एकट्या सूर्यबिंबाची पूजा रूढ करू पाहणाऱ्या अखेनातेन राजाच्या लोकांनी तिथल्या आमुन देवाच्या आकृती फोडल्या, ज्या नंतर दुरुस्त केल्या गेल्या, आणि त्यानंतर दोन हजारांच्या आसपास वर्षांनी तिथे ख्रिस्ती मठ वसला, ज्याच्यावरून त्या जागेला ‘उत्तरेचा मठ’ या अर्थाचे आजचे नाव मिळाले. भिंतीवरच्या प्रत्येक खड्ड्याकडे बोट दाखवून ‘सावत्र मुलाचा राग’ म्हणणे हे निव्वळ वाचन चुकणे आहे.

थुटमोसने जे केले त्याचा काळ महत्त्वाचा आहे. चार्ल्स निम्स यांनी १९६६ साली आणि पीटर डॉर्मन यांनी १९८८ साली पुराव्यांची बारकाईने छाननी करून दाखवले की ही खोडाखोड त्याच्या कारकिर्दीच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या आधीची असणे कठीण आहे. म्हणजे ती मेल्यावर सुमारे वीस वर्षांनी. मधल्या काळात तिची लाल देवळी त्याने आधी स्वतः पुरी केली आणि ती उतरवली नंतर. संताप वीस वर्षे थांबत नाही, हिशेब थांबतो. शिवाय खोडले काय, तेही पाहावे: राजा म्हणून असलेली तिची नावे व आकृती. राजपत्नी आणि देवपत्नी म्हणून असलेले उल्लेख मात्र बहुतेक जसेच्या तसे राहिले. अनेक जागी तिच्या नावावर तिच्या बापाचे किंवा नवऱ्याचे नाव कोरले गेले, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा थुटमोस अशी बापाकडून मुलाकडे जाणारी सलग रांग तयार झाली. आपला मुलगा दुसरा अमेनहोतेप याच्या वारसाहक्काला कोणी आव्हान देऊ नये म्हणून हे झाले असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. मला ते पटते, पण हे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच सांगितले पाहिजे.

पुतळ्यांविषयी तर अलीकडेच मोठी भर पडली आहे, आणि ती मराठीत यावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १९२० च्या दशकात मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या हर्बर्ट विन्लॉक यांना मंदिराजवळच्या खड्ड्यांत हत्शेप्सुतच्या पुतळ्यांचे तुकड्यांचे ढीग सापडले आणि सूडाची कथा तिथेच पक्की झाली. त्या उत्खननाच्या जुन्या नोंदी व छायाचित्रे पुन्हा तपासून जून यी वाँग यांनी २०२५ साली दाखवले की पुष्कळ पुतळे मान, कंबर आणि गुडघा अशा ठरावीक जागी तोडलेले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे चेहरे शाबूत आहेत. पुतळ्यातली शक्ती काढून घेऊन तो निवृत्त करण्याची ही रीत इतर राजांच्या पुतळ्यांवरही चाललेली दिसते. आपण विसर्जनाला निघालेल्या मूर्तीची उत्तरपूजा करून तिच्यातले देवत्व काढून घेतो, तेव्हा तिच्यावर राग असतो असे कोणी म्हणणार नाही. तिची राजपदाची स्मृती पुसण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे वाँगही म्हणत नाहीत. प्रत्येक तुटलेला दगड त्या प्रयत्नाचा साक्षीदार मानू नये, एवढे त्यांच्या अभ्यासातून निघते.

मग सूडाची कथा आली कुठून? विल्यम हेज यांच्यासारख्या मान्यवर अभ्यासकाने १९५३ साली तिला गर्विष्ठ, महत्त्वाकांक्षी आणि विधिनिषेधशून्य बाई ठरवले होते. त्या पिढीच्या पुस्तकांवरून मराठीत माहिती आली, ती आपल्या सावत्र आईच्या साच्यात अलगद बसली, आणि मूळ पुस्तके जुनी झाली तरी आपली गोष्ट ताजीच राहिली. त्याच पुस्तकी वाटेने सेनेनमुटशी तिच्या प्रेमसंबंधांचा किस्साही आला. सेनेनमुट हा साध्या घरातला माणूस, नेफेरूरेचा शिक्षक आणि आमुनच्या मालमत्तेचा मोठा कारभारी. त्याचे वीसहून अधिक पुतळे उपलब्ध आहेत, त्याच्या दुसऱ्या थडग्याच्या छतावर आकाशातल्या ताऱ्यांचा नकाशा रंगवलेला आहे. एवढे सगळे सोडून, कड्यातल्या एका गुहेत कोणीतरी खरडलेल्या अश्लील चित्राकडे बोट दाखवून खसखस पिकवणे, ज्या चित्रावर ना तिचे नाव आहे ना त्याचे, हे मला सहलीतल्या आया-बायांसमोरही अशोभनीय वाटते आणि अभ्यास म्हणूनही.

तिची बाजू घेणाऱ्यांनाही एक सूचना. ती इजिप्तची पहिली स्त्री फॅरो नव्हती. बाराव्या राजवंशाच्या शेवटी सोबेकनेफेरू गादीवर येऊन गेली होती. ती अहिंसेची पुरस्कर्तीही नव्हती. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियातल्या मोहिमांचे उल्लेख तिच्या काळात आहेत. पुंट देशाचा शोध तिने लावला नाही. तिच्या हजार वर्षे आधी पाचव्या राजवंशातले राजे तिथून माल आणत होते. तिने काय केले ते पुरेसे मोठे आहे. कारकिर्दीच्या नवव्या वर्षी तांबड्या समुद्रातून पुंटला गेलेली पाच जहाजे, तिथली खांबांवर उभारलेली घरे, परतीच्या जहाजांवरची माकडे, हस्तिदंत, आबनूस आणि टोपल्यांत मुळांसकट आणलेली ३१ गंधरसाची झाडे हे सगळे देर अल-बहरीच्या मंदिरातल्या पुंटच्या ओसरीच्या भिंतीवर आहे. गंधरस म्हणजे आपला हिराबोळ, जो काष्ठौषधीच्या दुकानात बाळंतिणीसाठी मागितला जातो. हे तुम्ही सांगून पाहा. गटातल्या आजीबाई लगेच भिंतीजवळ सरकतील.

तिच्या नावाची पुढची वाटचालही सांगण्यासारखी आहे. अबिडोसच्या मंदिरातल्या राजांच्या यादीत ती नाही. पण हजारांहून जास्त वर्षांनी ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या मॅनेथो या इजिप्शियन पुरोहिताच्या यादीत याच जागी एक स्त्री येते, आणि तिची कारकीर्द २१ वर्षे ९ महिने दिलेली आहे, जी बाविसाव्या वर्षीच्या मृत्यूशी जुळते. पुसणाऱ्यांना देवळांच्या दप्तरखान्यांपर्यंत पोचता आले नव्हते. इतके असूनही ३ एप्रिल २०२१ रोजी कैरोच्या रस्त्यांवरून राजघराण्यातल्या २२ ममींची मिरवणूक निघाली, तेव्हा जगभर बातमी गेली ती ‘१८ राजे आणि ४ राण्या’ अशी, आणि त्या चार राण्यांत हत्शेप्सुत होती. २००७ साली एका सुट्या दाढेवरून ओळख पटवलेली ती ममी खरोखर तिचीच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ममी तिची मानून मिरवायची आणि मोजणी मात्र राजांच्या बायकांत करायची, हे मला त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसून पाहताना फार खटकले.

कर्नाकला तिचा जो ओबेलिस्क अजून उभा आहे, जवळपास ३० मीटर उंचीचा, ३०० टनांहून जड असा एकसंध ग्रॅनाइटचा स्तंभ, त्याच्या पायथ्याशी तिने मजकूर कोरून घेतला आहे. खाणीतले काम सात महिन्यांत झाले असे ती सांगते. पुढच्या काळी ही स्मारके पाहून लोक आपल्याविषयी काय बोलतील, या विचाराने आपले मन इकडे तिकडे होते, असेही सांगते. तिसऱ्या थुटमोसने या स्तंभाभोवती बांधकाम केले आणि त्या बांधकामामुळेच खालचा भाग जपला गेला. तो मजकूर संपूर्ण, मूळ चित्रलिपीवरून, साध्या मराठीत करून द्यावा, ही अनुवादकांना माझी विनंती आहे. इंग्रजीतल्या सारांशाचा सारांश आता पुरे.

संपादकांनी पुढच्या आवृत्तीत ‘गादी बळकावली’ हे शब्द काढावेत आणि ‘राणी’ जिथे राजपत्नी असा अर्थ असेल तिथेच ठेवावे. आणि मार्गदर्शकांनो, दुसऱ्या टप्प्यावर पोचल्यावर गटाला डावीकडे पुंटच्या ओसरीत नेता, तसे उजवीकडे जन्मकथेच्या ओसरीतही न्यावे. तिथे आमुन देव पहिल्या थुटमोसचे रूप घेऊन अहमोसकडे येतो आणि होणारी मुलगी या देशावर राज्य करील असे सांगतो. ऊन तिरपे असेल तर खरवडलेल्या आकृतीची कड अजून दिसते. तिथे थोडे थांबून, ही राजाची आकृती आहे आणि हा राजा बाई होती, असे सांगावे. कोणी व्याकरणाची चूक काढली तर ती माझ्या नावावर घालावी.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका